कलेचे साहित्य घरातच आहे

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांच्या चित्रकला व हस्तकला प्रदर्शनाचे उद्‌घाटन करताना केलेले भाषण)





प्रदर्शनाची फीत कापण्याचा मान आपण माझ्यासारख्या एका निवृत्त चित्रकला-शिक्षकाला दिलात, याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. शाळेच्या समारंभात चित्रकलेच्या शिक्षकाची आठवण बहुधा फलक रंगविण्यासाठी आणि व्यासपीठ सजविण्यासाठी होते. आज त्याला बोलायलाही सांगितले आहे, तेव्हा थोडे मनमोकळे बोलतो.

आपण ज्या भूमीवर बसलो आहोत तिच्यापासूनच सुरुवात करू. नालासोपाऱ्याचा स्तूप आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ज्या टेकाडाखाली तो दडलेला होता, त्याला गावकरी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. बुरुड म्हणजे बांबूच्या टोपल्या आणि सुपे विणणारा कारागीर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथे उत्खनन केले. आत एक दगडी पेटी सापडली. तिच्यात तांब्याचा करंडक होता, त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. त्या सोन्याच्या डबीत सोन्याची नाजूक फुले होती आणि मातीच्या भांड्याचे १३ लहानसे तुकडे होते. ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे असावेत, असे इंद्रजींचे मत होते. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत.

त्या तुकड्यांना किंमत आली ती श्रद्धेमुळे, हे उघड आहे. पण मला त्यातली रचना मोठी बोलकी वाटते. दगड, तांबे, चांदी, स्फटिक, सोने ही सारी वेष्टने, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, ती खापराची कपची! आपल्या सोपाऱ्याच्या मातीने दोन हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे की, वस्तूचे मोल बाजार एका रीतीने ठरवतो आणि माणसाचे मन दुसऱ्या रीतीने. कलेचा सारा व्यवहार या दुसऱ्या रीतीचा आहे.

हे सांगण्याचे कारण असे. वर्गात चित्रकलेचा तास सुरू झाला की, शिक्षक पहिली आज्ञा देतात, “रंगपेटी बाहेर काढा.” या एका वाक्याने वर्गाचे दोन भाग होतात. ज्यांच्याकडे रंगपेटी आहे ते पुढे सरकतात. ज्यांच्याकडे नाही ते शेजाऱ्याचा ब्रश मोकळा होण्याची वाट पाहतात, किंवा “सर, विसरलो” असे सांगून मान खाली घालतात. चार वेळा ‘विसरलेला’ मुलगा पाचव्या वेळी स्वतःच म्हणू लागतो, “मला चित्रकला येत नाही.” येत नाही हे त्याला कोणी सिद्ध करून दाखविलेले नसते, त्याच्याकडे पेटी नव्हती, एवढेच घडलेले असते. पुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांना बसणाऱ्यांची यादी होते, तेव्हा त्याचे नाव त्या यादीत नसते. माझ्या सबंध नोकरीत मला सर्वांत जास्त बोचलेली गोष्ट हीच.

आता आपल्याच पालघर जिल्ह्यातली एक चित्रकला पाहा, जिच्या जन्माच्या वेळी रंगपेटी नावाची वस्तूच नव्हती. मी वारली चित्रकलेविषयी बोलतो आहे. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या भागांत आणि आपल्या वसई तालुक्याच्या पूर्वेकडील पाड्यांवरही वारली समाज राहतो. कारवीच्या काठ्यांच्या कुडाला शेणमातीचे लिंपण करायचे आणि त्यावर गेरूचा हात फिरवायचा. हा झाला कागद. तांदूळ भिजवून, वाटून पाण्यात कालवायचा. हा झाला रंग. बांबूची बारीक काडी घेऊन तिचे टोक चावून मऊ करायचे. हा झाला ब्रश. लग्नघरात सुवासिनी भिंतीवर लग्नचौक काढीत, त्यात पालघट देवीची स्थापना होई आणि धवलेरी गाणी म्हणे. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढ्याच आकारांत माणूस, बैल, झाड, तारप्याचा नाच, भाताची कापणी, सारे संसारचित्र उभे राहते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की, माणसाचे धड तयार होते आणि ते चक्क नाचू लागते. तो तारपासुद्धा पाहा! वाळलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचे पान आणि मेण. शेतात आणि रानात जे होते त्याचेच वाद्य झाले.

या कलेला जगापुढे नेणारे जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ चा. डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या कलंबीपाड्यावर ते राहत. त्यांच्याविषयी असे सांगतात की, लहानपणी आई गेल्याच्या धक्क्याने त्यांचे बोलणे बंद झाले आणि मनातले सांगण्यासाठी ते धुळीत बोटाने आकृत्या काढू लागले. विद्यार्थी मित्रांनो, धुळीपेक्षा स्वस्त कागद जगात कोठे मिळेल? या माणसाला १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली पॅरिसच्या एका गाजलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली, २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. चिखल आणि दगड घेऊन कलाकृती घडविणारे इंग्लंडचे ख्यातनाम कलावंत रिचर्ड लाँग यांच्या जोडीने २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे त्यांच्या कामाचे प्रदर्शन भरले. युरोपातील एक शिल्पकार मातीपर्यंत येऊन पोचला होता; आपल्या डहाणूचा शेतकरी मातीतून कधी उठलाच नव्हता.

पण या कथेत आणखी एक माणूस आहे, आणि पदाधिकारी मंडळींनी त्याच्याकडे जरूर लक्ष द्यावे. त्याचे नाव भास्कर कुलकर्णी. बिहारमध्ये १९६६ च्या सुमारास दुष्काळ पडला, तेव्हा हे गृहस्थ मधुबनीच्या बायकांकडे कागद घेऊन गेले. तुम्ही भिंतीवर काढता तेच या कागदावर काढा, म्हणाले. त्यानंतर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते वारली पाड्यांवर आले आणि तेथेही त्यांनी कागद आणि रंग दिले. भिंतीवरचे चित्र लग्न आटोपले की पुसले जाई, पावसाने वाहून जाई. कागदावरचे टिकले, बाहेर गेले, लोकांनी पाहिले. म्हणजे दृष्टी वारल्यांची, हात वारल्यांचा, साहित्य घरचे. पण कोणीतरी दारी येऊन कागद द्यावा लागला आणि पुन्हा येऊन “काय काढलेत, पाहू” असे विचारावे लागले. शाळेचे काम नेमके हेच आहे. “घरच्या साहित्यावर भागवा” असे सांगून शाळेने आपले हात झटकावेत, असे मी म्हणत नाही. गरिबाच्या मुलाने कोळशाने काढावे आणि श्रीमंताच्या मुलाने जलरंगात, अशी वाटणी माझ्या मनात नाही. कोळसा दोघांच्याही हातात द्यावा आणि जलरंगही दोघांच्या हातात द्यावेत.

आता थोडे स्पष्ट बोलतो. आजच्या प्रदर्शनात वारली पद्धतीने रंगविलेले कप, मडकी, भेटकार्डे पुष्कळ आहेत. मुलांची मेहनत मी जाणतो. बाजारातही चादरींवर, पिशव्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर त्याच तारप्याच्या फेऱ्या छापलेल्या दिसतात. मात्र ही नक्कल झाली. वारली बायकांनी काय केले? आपल्या अंगणात जे होते त्यातून, आपल्या जगण्यात जे घडत होते ते काढले. आपण त्यांचे चित्र उचलतो, त्यांची वाट उचलत नाही. वाट उचलायची असेल, तर आपल्या अंगणात काय आहे आणि आपल्या घरात काय घडते, हे पाहावे लागेल. मला आज एवढेच सांगायचे आहे. चित्र त्यांचे घेऊ नका, रीत त्यांची घ्या. आणि चित्र घेतलेच, तर ज्यांचे ते आहे त्यांचे नाव लिहा. ज्या सुवासिनींच्या हातांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत. तो अन्याय आपण पुढे चालवू नये.

मग आपल्या घरात काय आहे? पहिली गोष्ट मेंदी. ईदच्या आदल्या रात्री ज्या मुली शेजारणींच्या हातांवर कोयऱ्या, वेली आणि जाळ्या न अडखळता काढतात, त्याच मुली वर्गात मला सांगत, “सर, आम्हाला संकल्पचित्र जमत नाही.” अहो, तळहाताच्या वेड्यावाकड्या जागेत नक्षी बसविणे हेच संकल्पचित्र! झाडाचे पान वाटून ते काढले म्हणून त्याचे नाव बदलत नाही. दुसरी गोष्ट सुई. घरोघरी दोऱ्याने विणलेली जाळीची टोपी, ओढणीचा काठ, उशीचा अभ्रा, जुन्या कपड्यांची गोधडी. शेजारच्या कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. त्यांच्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत. तेथील बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची ‘कवंदी’ शिवतात. कडेपासून सुरुवात करून टाके घालीत घालीत मध्यावर येतात आणि चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची लहान फुले बसवितात. ती फुले नसली तर कवंदी उघडी राहिली असे त्या मानतात. थंडीसाठी त्या फुलांचा काहीही उपयोग नाही. तरी ती हवीतच. उपयोग संपतो तेथून कला कशी सुरू होते, हे त्या चार कोपऱ्यांवर मला दिसते.

तिसरी गोष्ट लेखणी. सुंदर हस्ताक्षराची, म्हणजे खुशनवीसीची, परंपरा आपल्याला ठाऊक आहे. तिचे साहित्य काय? पाणथळीतला बोरू, दिव्याची काजळी, बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक आणि पाणी. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न मुक्ला नावाचे वजीर होऊन गेले. त्यांनी अक्षरांना प्रमाण घालून दिले. बोरूचे तिरके कापलेले टोक कागदावर टेकविले की चौकोनी ठिपका उमटतो. तो ठिपका हेच माप. अलिफ किती ठिपक्यांचा, बाकीची अक्षरे त्याच्या किती पट, असे सारे त्यावरून ठरते. म्हणजे मोजपट्टीही बाहेरून आणलेली नाही. बोरूनेच आपले माप दिले. आपल्या देवनागरीचे वळणही बोरूनेच घडविले आहे. आणि कागद? दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात मुसलमान कागदी कारागिरांनी शतकानुशतके हाताने कागद केला, तो चिंध्या आणि रद्दी कुटून. आपण जे फेकतो त्यावर त्यांनी बादशाही फर्माने लिहिण्याजोगा पृष्ठभाग निर्माण केला.

मोठमोठ्या चित्रकारांचेही तेच. मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे. तरुणपणी मुंबईत सिनेमाची मोठमोठी पोस्टरे रंगवून त्यांनी पोट भरले. त्यांनी १९६७ साली ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा लघुपट केला. त्यात छत्री, कंदील, जोडा अशा साध्या वस्तू राजस्थानच्या उन्हात हिंडताना दिसतात. बर्लिनच्या महोत्सवात त्याला लघुपटांचे सुवर्ण अस्वल मिळाले. अलीगढच्या झरीना हाश्मी गणित शिकलेल्या. त्यांनी १९९९ साली ३६ काष्ठछाप्यांची एक मालिका केली. घर, दार, उंबरा यांसारखा उर्दूतील एकेक शब्द आणि त्याच्यासोबत काही काळ्या रेषा. जन्मभर देशोदेशी हिंडलेल्या बाईने घराचा उंबरा कागदावर आणला. आणि आपल्या अलिबागजवळच्या नागावचे प्रभाकर बरवे! घड्याळ, पान, किल्ली, टाचणी या वस्तू त्यांच्या चित्रांत अशा येतात की, आपण त्या आयुष्यात प्रथमच पाहत आहोत असे वाटते. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचे १९९० चे मराठी पुस्तक वरच्या वर्गांतील मुलांनी आणि शिक्षकांनी अवश्य वाचावे.

प्रेरणा वस्तूत असते की पाहणाऱ्यात, असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर साधे आहे. वस्तू आपण रोज वापरतो, म्हणून ती दिसेनाशी होते. चहाची किटली चहापुरतीच दिसते. वस्तुचित्राच्या तासाला तीच किटली टेबलावर ठेवून तिच्यातला चहा काढून टाकतात. तेव्हा तिचे पोट, तिची चोच, तिच्यावर पडलेला खिडकीचा उजेड दिसू लागतो. वापर क्षणभर बाजूला ठेवणे, एवढीच युक्ती आहे, आणि ती शिकविता येते.

आता काही उपयोगाच्या गोष्टी सांगतो, मुलांनी टिपून घ्याव्यात. गेरू हार्डवेअरच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतो. तांदळाच्या पिठात थोडा डिंक घातला तर पांढरा रंग लवकर झडत नाही. हळद पाण्यात कालवली की पिवळा रंग होतो आणि तीत चुन्याची निवळी घातली की लाल होतो. मात्र हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून ते चित्र सावलीत ठेवावे. पानाच्या तबकातला कात तपकिरी रंग देतो, चहाचा दाट काढाही देतो. दिव्याची काजळी आणि डिंक यांची शाई उत्तम होते. चुलीतला कोळसा तर हुकमी. आपल्या वसईच्या वाड्यांत केळीचे सोप आहेत, सुपारीच्या विऱ्या आहेत, नारळाच्या झावळ्या आणि करवंट्या आहेत. अर्नाळ्याच्या आणि कळंबच्या किनाऱ्यावर रिकाम्या शिंपल्या पडलेल्या असतात. रिकाम्याच घ्याव्यात, जिवंत प्राणी उचलू नये. वालीव, गोखिवऱ्याच्या कारखान्यांतून कापडाचे, पुठ्ठ्याचे, पत्र्याचे तुकडे बाहेर पडतात. पत्रा आणि काच यांना मोठ्या माणसांनीच हात लावावा. चंदीगडचे रॉक गार्डन अशाच टाकाऊ वस्तूंचे आहे. फाळणीत घर सुटलेले नेकचंद तेथे रस्ते-निरीक्षक होते. नोकरी सांभाळून त्यांनी फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि फरशा जमवून रानात गुपचूप एक नगरी उभी केली. १९७६ साली ती लोकांसाठी खुली झाली.

पालक विचारतील, “सर, याने मुलाला नोकरी मिळेल काय?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांच्या घरी महिनाअखेरीची चिंता आहे, त्यांनी तो विचारलाच पाहिजे. कापडाची नक्षी, छपाई, सजावट, वास्तुरचना या धंद्यांत आकाराची समज लागते, आणि ती ज्याच्याकडे आहे तो उपाशी राहत नाही, एवढे मी पाहिले आहे. परंतु त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. आपल्या घरातल्या वस्तूंकडे कमीपणाने पाहण्याची सवय लागलेला मुलगा हळूहळू घरातल्या माणसांकडेही तसेच पाहू लागतो. आईच्या शिवणाची त्याला लाज वाटते, बापाच्या कामाचे हत्यार तो पाहुण्यांपासून लपवतो. ज्या दिवशी तो त्या हत्याराचे वस्तुचित्र काढतो, त्या दिवशी ते त्याने बापाच्या हातासकट पाहिलेले असते. असे शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

म्हणून संस्थेला माझी तीन कामांची विनंती आहे. पहिले, प्रत्येक वर्गात एक कपाट ‘वर्गाचे साहित्य’ म्हणून ठेवावे. त्यात गेरू, कोळसा, शिंपल्या, चिंध्या, बोरू असावेत आणि त्याबरोबरच शाळेने घेतलेल्या रंगपेट्याही असाव्यात. “रंगपेटी बाहेर काढा” याऐवजी शिक्षकांनी “कपाट उघडा” असे म्हणावे. दुसरे, कागद शाळेने द्यावा, भरपूर द्यावा, आणि मुलाने तो वाया घालविला म्हणून त्याला रागावू नये. तिसरे, पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात प्रत्येक कलाकृतीखाली तीन ओळी असाव्यात: मुलाचे नाव, साहित्य कोठून मिळाले, आणि हे काम कोणाकडून शिकले. तिसऱ्या ओळीत जेव्हा ‘आईकडून’, ‘नानीकडून’, ‘शेजारच्या काकूंकडून’ असे लिहिलेले दिसेल, तेव्हा ज्या बायका आज या मांडवात मागच्या रांगेत संकोचून बसल्या आहेत, त्या आपल्याच मुलांच्या शिक्षिका आहेत हे सर्वांना कळेल. या प्रदर्शनाच्या उद्‌घाटनाला त्यांच्यापैकीच एखादीला पुढच्या वर्षी बोलवावे, असे मी सुचवितो.



खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.